रडायला जागा

बुधवारी माहीम स्टेशनात उतरणाऱ्या गर्दीतला एक मोठा लोंढा सेंट मायकल चर्चकडे वळतो. चर्चच्या बाहेर मेणबत्तीवाल्यांची टेबलं मांडलेली असतात. साध्या मेणबत्त्या असतातच, पण त्यांच्या शेजारी मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचं डोकं, मेणाचं घर आणि दुपट्यात गुंडाळलेलं मेणाचं बाळही असतं. ज्याला जे दुखतंय किंवा ज्याला जे हवंय, ते तो विकत घेतो आणि आत जाऊन वाहतो. ८ सप्टेंबर १९४८ पासून इथं दर बुधवारी नोव्हेना चालते. नऊ बुधवार न चुकता यायचं, असा नेम धरून माणसं येतात. दिवसभर वेगवेगळ्या वेळांना, वेगवेगळ्या भाषांत प्रार्थना होते. येणाऱ्यांमध्ये ख्रिस्ती असतात तसेच हिंदूही असतात, मुसलमानही असतात. कुणी कुणाला विचारत नाही.

या नोव्हेनाचा एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. भाविकांनी लिहून टाकलेली पत्रं इथं वाचली जातात, नावं न घेता. मुलाला नोकरी नाही. नवऱ्याची दारू सुटत नाही. गाठ साधी आहे की कॅन्सरची, हे परवा कळणार आहे. सून बोलत नाही. घराचे हप्ते थकलेत. भरल्या सभागृहात एका अनोळखी बाईचं दुःख मोठ्यानं वाचलं जातं आणि शेकडो अनोळखी माणसं तिच्यासाठी एका आवाजात प्रार्थना करतात. ती बाई त्याच गर्दीत कुठंतरी बसलेली असते. आपली अडचण आपल्या तोंडानं सांगायची तिची ताकद संपलेली असते, पण ती सांगितली जाते आणि ऐकली जाते.

नवसाला कोण पावलं, कुणाची गाठ विरघळली, हा या लेखाचा विषय नाही. माणसावर आभाळ कोसळतं, नोकरी जाते, जोडीदार जातो, गाव बदलतं, तेव्हा ख्रिस्ती श्रद्धा त्याला नेमकं काय देते, हे मला पाहायचं होतं. महाराष्ट्रात हे पाहायला फार लांब जावं लागत नाही. मराठी ख्रिस्ती समाजाच्या मागच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात दुष्काळ आहे, प्लेग आहे, बहिष्कार आहे, तुटलेली घरं आहेत आणि त्यातून उभी राहिलेली माणसं आहेत. शिवाय या माणसांनी लिहूनही ठेवलंय, हे आपलं भाग्य.

पंडिता रमाबाईंपासून सुरुवात करावी लागते. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं आणि त्याची किंमत मोजली. तीर्थाटन करत, पुराणं सांगत हे कुटुंब देशभर फिरलं. १८७६-७७ च्या दुष्काळाच्या आसपास वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरलेली रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केलं, १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत मेधावी पटकीनं गेले. वय वर्षं २३, पदरात दहा महिन्यांची मुलगी आणि माहेर-सासर दोन्ही नाहीसं झालेलं.

पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला वाँटेजच्या सिस्टरांकडे गेल्या. सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. परक्या देशात, त्या ताणात, आनंदीबाईंनी आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात या बातमीनं मोठा गदारोळ झाला. पण रमाबाईंनी पुढं १९०७ मध्ये आपली जी साक्ष इंग्रजीत लिहिली, तिच्यातला एक कबुलीजबाब फार कमी लोकांच्या ध्यानात राहतो. बाप्तिस्मा घेतला म्हणून मनाला शांती मिळाली असं झालं नाही, असं त्या सांगतात. धर्म सापडला होता, पण ज्याच्यासाठी धर्म घ्यायचा तो ख्रिस्त अजून सापडला नव्हता. त्यासाठी आणखी आठेक वर्षं जावी लागली. म्हणजे बाप्तिस्मा, अमेरिकेचा दौरा, १८८७ चं गाजलेलं पुस्तक, १८८९ मध्ये मुंबईत उघडलेलं शारदा सदन, हे सगळं होत असताना ही बाई आतून अस्वस्थच होती. जगाला ती कर्तबगार दिसत होती.

आज कुणी नैराश्यातून जात असेल आणि त्याला आजूबाजूचे लोक 'प्रार्थना कर, सगळं ठीक होईल' असं सांगत असतील, तर त्याच्या हातात रमाबाईंची ती आठ वर्षं ठेवावीत असं मला वाटतं. श्रद्धेला वेळ लागतो. ती वेदनेला लगेच गप्प बसवत नाही.

आणि त्या आठ वर्षांनंतरही रमाबाईंच्या आयुष्यातून संकटं गेली नाहीत. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडं गेल्या. स्वतःच्या आईबापांना अन्नावाचून मरताना पाहिलेली ही बाई होती. तिथून त्यांनी शेकडो मुली आणि बायका आणल्या. पुण्यात प्लेग आला होता, म्हणून सगळ्यांना घेऊन त्या दौंडजवळ केडगावच्या माळावर गेल्या. तिथं मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. विणकाम, शेती, दूध, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायकांनी चालवलं. अंध मुलींसाठी ब्रेलची सोय झाली. समाजानं टाकलेल्या स्त्रियांसाठी वेगळं सदन झालं, म्हाताऱ्यांसाठी वेगळं.

रमाबाईंना ऐकू येणं आधीच खूप कमी झालं होतं. १९२१ च्या जुलैत मनोरमाही गेली, ज्या मुलीच्या हाती मुक्ती सोपवायचं ठरलं होतं तीच. तोपर्यंत रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायचं काम पुष्कळ पुढं नेलं होतं. मुलगी गेल्यावर ते काम थांबलं नाही. मजकूर संस्थेतल्या बायकाच जुळवत आणि छापत. प्रुफं तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. केडगावची संस्था आजही चालू आहे.

दुःखातून काम उभं राहतं हे आपण रमाबाईंच्या बाबतीत नेहमी ऐकतो, आणि ते खरंही आहे. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की, त्यांच्या दुष्काळानं त्यांना दुष्काळातल्या मुली ओळखायला शिकवलं. आपलं दुःख विसरून कामाला लागा, असा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. रमाबाई काहीच विसरल्या नव्हत्या.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण त्यांच्या बाबतीत वादळ आणलं ते ख्रिस्ती धर्मानंच. १८९३ मध्ये राजनांदगावच्या वाटेवर रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशानं नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनानं टिळकांना पकडलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घरी सोवळ्यात वाढलेली बायको आणि लहानगा दत्तू. त्या काळातल्या चित्पावन घरातल्या बाईला याचा अर्थ काय, हे आज समजून घ्यायलाही थोडं थांबावं लागतं. नवरा जिवंत आहे, त्याच्यावर जीव आहे, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. कपाळाला कुंकू आहे, पण संसार नाही. बाई वेडीपिशी झाली. पाच वर्षांच्या आसपास ती नातलगांच्या आश्रयानं वेगळी राहिली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईला कविता सुचू लागल्या त्या याच तडफडीत.

पुढं ती टिळकांजवळ नगरला आली, तीही एकदम ख्रिस्ती व्हायला नव्हे. आपलं खाणंपिणं वेगळं ठेवूनच आली. टिळकांनी तिला ओढलं नाही. शिवाशिवीचा विचार करता करता एका रात्री तिच्या मनानं कौल दिला की जात माणसानं केली आहे, देवानं नव्हे, आणि मग तिनं कुणाच्याही हातचं पाणी प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्याच्याही नंतरचा, १९०० चा. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण त्यांच्या विनोदात रमतो आणि एक गोष्ट नजरेआड होते. ही बाई स्वतःच्या वेगानं बदलली. एवढा मोठा बदल पचवायला तिला जितकी वर्षं लागायची तितकी लागली. त्या काळात तिच्यावर जबरदस्ती झाली असती, तर ती मोडली असती असं मला मनापासून वाटतं.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत जे. जे. हॉस्पिटलमध्ये गेले. लक्ष्मीबाईंनी पन्नाशी ओलांडली होती. पुढं मुलाबरोबर त्या कराचीला राहिल्या. टिळकांनी येशूच्या जीवनावरचं 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य लिहायला घेतलं होतं. ते दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं. ते या बाईनं हाती घेतलं आणि साठाहून अधिक अध्याय लिहून पुरं केलं. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागानं प्रसिद्ध झालं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. नवऱ्यानं अर्धवट ठेवलेलं काव्य विधवा बायको ओवी ओवीनं पुढं नेते, रोज त्याच्या शब्दांच्या शेजारी आपले शब्द मांडते, हे शोकाचं फार सुंदर रूप आहे. शोकाला मुदत घालून देणाऱ्यांनी ते पाहावं.

टिळकांनी मराठी ख्रिस्ती मंडळीला दिलेली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांच्याआधीची बरीचशी उपासनागीतं परदेशी चालींवर बेतलेली होती. टिळकांनी पदं, भजनं, अभंग दिले. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तन आणलं. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये, जिथं महार-मांग वस्त्यांमधून दुष्काळाच्या वर्षांत अनेक कुटुंबं ख्रिस्ती झाली, तिथं आजही कुणी गेलं की रात्री पेटी, टाळ, ढोलकी घेऊन मंडळी जमते. 'उपासना संगीत'मधली टिळकांची पदं निघतात. पाळकसाहेब दोन शब्द बोलतात, पण खरं काम गाणं करतं. ज्या बाईच्या घशातून दिवसभर शब्द फुटलेला नसतो, ती धृपदाला आवाज मिळवते. मातृभाषेत आणि ओळखीच्या चालीत रडता येणं ही छोटी गोष्ट नाही.

हे रडणं ख्रिस्ती धर्माच्या मुळातच आहे. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली एक तृतीयांशाच्या आसपास विलापाची आहेत. देवा, तू कुठं आहेस, किती दिवस तोंड लपवणार, असा थेट जाब विचारणारी. बहुतेकांच्या शेवटी आशेचा सूर लागतो. ८८ व्या स्तोत्रात तोही लागत नाही, ते अंधारातच संपतं. ज्यांनी हा ग्रंथ जुळवला त्यांनी ते स्तोत्र गाळलं नाही. लाजराच्या थडग्यापाशी येशू रडला, असं योहान सांगतो. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत तो इतका व्याकुळ झाला की हा प्याला टळत असेल तर टळू दे, असं त्यानं बापाजवळ मागितलं आणि तीन शिष्यांना नुसतं जागं राहायला सांगितलं. तेवढंही त्यांना जमलं नाही. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर गप्प बसून राहिले, तेच त्यांनी केलेलं उत्तम काम. पुढं ते बोलायला लागले, तुझ्या पापामुळंच हे झालं म्हणू लागले आणि सगळं बिघडलं. शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो.

पण माझ्या मनात सगळ्यांत जास्त घर करून बसलेली कथा एलीयाची आहे. हा मोठा संदेष्टा. कर्मेल डोंगरावर त्याचा विजय झालेला आणि त्यापाठोपाठ राणीनं जिवे मारायची धमकी दिली म्हणून तो पळत सुटला. बैर-शेब्याला त्यानं सेवकाला मागं ठेवलं आणि एकटा रानात एक दिवसाची मजल चालून गेला. तिथं एका झुडपाखाली बसला आणि पुरे झालं, आता माझा जीव घे, असं म्हणून झोपी गेला. मग देवदूत येतो. तो त्याला हलवून उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू ठेवलेला. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खाऊ घालतो, कारण वाट लांबची आहे. तू एवढा मोठा संदेष्टा असून असा विचार कसा केलास, असा एक शब्दही नाही. विश्वास कमी पडला, हेही नाही. आधी झोप, मग भाकर, मग पाणी. देवाशी बोलणं त्यानंतर चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. मानसोपचाराचं शिक्षण घेतलेल्या कुणालाही हा क्रम पटेल.

असंच व्यवहारी शहाणपण पुढच्या ख्रिस्ती परंपरेतही सापडतं. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला हे मुळात सैनिक. मे १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं त्यांचा पाय फुटला, अंथरुणावर महिने गेले आणि दरबारी भवितव्य संपलं. त्या पडून राहण्यातून पुढं त्यांची 'आध्यात्मिक साधना' तयार झाली, जी १५४८ मध्ये छापली गेली. तिच्यातला एक नियम आजच्या माणसाला फार उपयोगी आहे. मन कोरडं आणि काळोखं झालं असेल, तेव्हा आधी चांगल्या मनःस्थितीत घेतलेला निर्णय बदलू नये. नोकरी सोडायची, घर विकायचं, नातं तोडायचं, हे त्या काळोखात ठरवू नये. आधी थांबावं, कुणाशी तरी बोलावं. रात्री झोपण्याआधी दिवसभराकडे वळून पाहायचं, कुठं बरं वाटलं आणि कुठं मन खचलं ते देवासमोर मांडायचं, ही त्यांची रोजची सवयही अनेक ख्रिस्ती घरांत पाळली जाते.

आता वसईकडे येऊ, कारण बदलाचा ताण संपूर्ण समाजावर कसा येतो हे पाहायचं तर तिथंच. वसईचा ख्रिस्ती समाज पोर्तुगीज काळातला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, पण इथले सामवेदी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती आपल्या मातीत, आपल्या बोलीत राहिले. केळी, पानवेली, भाजीपाला, फुलं ही त्यांची दौलत. मग गेल्या चाळीसेक वर्षांत सगळं पालटलं. इमारती आल्या. बावखलं, म्हणजे गावातली जुनी तळी, बुजली. टँकरवाल्यांनी विहिरींचं पाणी उपसलं. १९८० च्या दशकाच्या शेवटी हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं आणि त्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढं होते. नंदाखालचा हा शेतकऱ्याचा मुलगा, 'सुवार्ता' मासिकाचा संपादक, पुढं २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष. धमक्या आल्या, तरी ते मागं हटले नाहीत. गावाची भीती आणि संताप चर्चच्या पायरीवर जमला आणि त्याला वाट मिळाली, म्हणून तो आतल्या आत कुजला नाही. २५ जुलै २०२४ रोजी फादर गेले, तेव्हा त्यांना निरोप द्यायला जमलेल्यांत सगळ्या धर्मांची माणसं होती.

आजची वसई वेगळ्या ताणात आहे. मुलं आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात. मोठी घरं बांधून झाली आणि त्यांत दोन म्हातारी माणसं राहिली. संध्याकाळी वेदीसमोर दिवा लागतो आणि जपमाळ सुरू होते. पूर्वी दहा आवाज असायचे, आता दोन, कधी एकच. म्हणून अनेक धर्मग्रामांत ऑक्टोबर महिन्यात मारियेची मूर्ती एका घरातून दुसऱ्या घरात नेतात. ज्या घरी मूर्ती येते, तिथं आळीतले लोक जपमाळेला जमतात. प्रार्थना फार तर अर्ध्या तासाची, पण पुढं तासभर माणसं ओट्यावर बसतात. एकट्या राहणाऱ्या आजीच्या घरी त्या निमित्तानं चहाची दहा भांडी निघतात. औषधाच्या गोळ्या संपल्यात, डोळ्यांना दिसत नाही, बँकेतून काहीतरी पत्र आलंय, हे सगळं त्या ओट्यावर कळतं. धर्मगुरूंना कळायच्या आधी शेजारणीला कळतं.

घराघरांतला आणखी एक मोठा ताण म्हणजे दारू. त्यावर मुंबईत उभं राहिलेलं काम सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशन सुरू केलं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची बारा पायऱ्यांची पद्धत त्यांनी घेतली. ही पद्धत १९३५ मध्ये अमेरिकेत ॲक्रन शहरात दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झालेल्या संघटनेची. तिच्या मुळाशी ऑक्सफर्ड ग्रुप ही ख्रिस्ती चळवळ होती. आपण हरलो आहोत हे कबूल करायचं, आपल्याहून मोठ्या शक्तीवर भार टाकायचा, ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करायची. फादर परेरा हे बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य, म्हणून त्यांनी त्याला योगासनांची जोड दिली. कॅथलिक धर्मगुरू पुण्याच्या गुरूकडून शिकलेली आसनं मद्यपींना शिकवतो आणि त्यातून माणसं उभी राहतात. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शरीर, मन आणि श्रद्धा यांची अशी मोट बांधलेली मला फार पटते.

कारण याच्या उलटही घडतं आणि त्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. काही सभांमधून नैराश्यग्रस्ताला सांगितलं जातं की तुझा विश्वास कमी आहे, तुझ्यात भूत आहे, गोळ्या बंद कर. हे क्रूर आहे. गोळ्या अचानक बंद झाल्यानं माणसं पुन्हा कोसळतात, जिवावर बेततं. बायबलचा आधार घेऊन असं सांगणाऱ्यांनी त्याच परंपरेतलं बेनसिराचं पुस्तक उघडावं. कॅथलिक बायबलमध्ये असलेल्या या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात वैद्याचा मान राखायला सांगितलंय, कारण वैद्यही देवानंच निर्माण केलाय आणि औषधंही मातीतून त्यानंच दिली. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये मोकळेपणानं सांगितलं की वयाच्या ४२ व्या वर्षी, अर्जेंटिनात असताना, ते सहा महिने दर आठवड्याला एका ज्यू मनोविश्लेषक बाईंकडे जात होते. पोपला जर त्याची लाज वाटली नाही, तर आपल्या मंडळीतल्या शिक्षकाला, नर्सला, रिक्षावाल्याला का वाटावी? मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळलं की दशकानुदशकं त्यांना देवाची जाणीवच होत नव्हती. त्या काळोखातच त्या रोज पहाटे उठून कामाला जात होत्या. त्यांचा विश्वास कमी होता, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

चर्चही बदललं आहे, हेही सांगायला हवं. १९१७ च्या कॅथलिक धर्मविधानानुसार आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई. त्या घरावर दुःखाच्या वर कलंक बसे. १९८३ च्या विधानातून ते कलम गेलं. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट आलं की गंभीर मानसिक व्याधी, यातना किंवा भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये. आपल्या देशानंही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं. देवाच्या आणि सरकारच्या दोन्ही दारी माया थोडी उशिरा आली, पण आली. ती गावोगावच्या मंडळीच्या वागण्यात मात्र अजून पुरती उतरलेली नाही. अशा घरी लोक कुजबुजतात, जायचं टाळतात.

२ नोव्हेंबरला मृतांचा स्मृतिदिन येतो, दिवाळीच्या आगेमागेच. आधीच्या आठवड्यात वसई, मुंबई, गोवा, सगळीकडे माणसं दफनभूमीत जाऊन गवत काढतात, कबरी धुतात, चुना लावतात. त्या दिवशी झेंडूची, शेवंतीची फुलं येतात, मेणबत्त्या लागतात, फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत फिरतात. आजोबांच्या कबरीवरचा चुना नातवाच्या हाताला लागतो, आई त्याला तिथंच पाणी ओतून हात धुवायला सांगते आणि सांगता सांगता आजोबांच्या दोन गोष्टी सांगते. वर्षातून एक दिवस असा असतो की गेलेल्या माणसाबद्दल बोलायला कुणाची परवानगी लागत नाही आणि अजून रडतेस होय, असं कुणी म्हणत नाही. ज्या बाईचा मुलगा बारा वर्षांपूर्वी गेला, तीही तिथं निःसंकोच रडते.

म्हणून पाळकसाहेबांना, फादरांना, सिस्टरांना आणि मंडळीतल्या वडील माणसांना माझी हात जोडून विनंती आहे. कुणाच्या घरी दुःख झालं, तर पहिल्या तीन दिवसांत सगळेच जातात. तुम्ही महिन्यानं जा, सहा महिन्यांनी जा. जाताना डबा न्या. देवाची इच्छा होती, असं म्हणू नका. मूल गेलेल्या आईला तर कधीच म्हणू नका. जो बोलत नाही, झोपत नाही, जगून काय करायचं असं बोलून दाखवतो, त्याच्यासाठी प्रार्थना करा आणि त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे घेऊन जा. आणि चर्चच्या फलकावर, जिथं मिस्सेच्या आणि उपासनेच्या वेळा लावता, तिथंच सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावा. १० ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, चोवीस तास कुणीतरी उचलतं आणि मराठीत बोलता येतं.